कर्मचारी निवडीत मानसशास्त्रीय चाचण्यांचा प्रत्यक्ष उपयोग किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे नाशिकजवळच्या सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर-माळेगाव परिसरातील कारखान्यांचे मालक, एचआर विभागातील अधिकारी आणि पिंपळगाव-दिंडोरी भागातील द्राक्ष पॅकहाऊसचे व्यवस्थापक यांना समोर ठेवून लिहिली आहेत. चाचणी कोणाकडून घ्यावी, हा इथला विषय नाही. चाचणी घेतल्याने भरतीत खरोखर काही फरक पडेल का, आणि पडला तर तो खर्चाच्या मानाने पुरेसा असेल का, हे कसे तपासावे, एवढाच आहे.

चाचणी शास्त्रशुद्ध असेल, तर ती उपयुक्त असणारच ना?

असे गृहीत धरता येत नाही. दर्जा चाचणीसोबत येतो. उपयोग मात्र आपल्या भरतीच्या परिस्थितीवर ठरतो. तीच चाचणी, तीच फी. पण एका कारखान्यात तिचा खर्च काही महिन्यांत वसूल होतो आणि शेजारच्या गाळ्यात तोच खर्च वाया जातो. हा फरक चार गोष्टींमुळे पडतो: चाचणीचे गुण पुढच्या कामगिरीशी किती जुळतात, एका जागेसाठी किती उमेदवार येतात, सध्याच्या पद्धतीने घेतलेल्यांपैकी किती जण चांगले निघतात, आणि चांगला कामगार व साधारण कामगार यांच्या कामात रुपयांच्या हिशेबाने किती अंतर असते. माहितीपत्रकात यांपैकी पहिल्याच गोष्टीविषयी काही लिहिलेले असते, तेही नेहमी नसते. उरलेल्या तिन्ही गोष्टी आपल्याच रजिस्टरमध्ये शोधाव्या लागतात, आणि दुर्दैवाने तिथे त्या शोधण्याची तसदी फार कमी ठिकाणी घेतली जाते.

वैधता म्हणजे काय, आणि तिचा आकडा किती असला की चाचणी चांगली म्हणावी?

चाचणीत जास्त गुण मिळवणारे पुढे कामातही सरस ठरतात का, हे दाखवणारा सहसंबंध म्हणजे वैधता. हा आकडा ० असेल तर चाचणी आणि चिठ्ठ्या टाकणे यांत फरक नाही. १ असेल तर चाचणीने भविष्य अचूक सांगितले, आणि तसे कुठेही होत नाही.

या क्षेत्रात श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा आढावा वर्षानुवर्षे आधार मानला गेला. त्यात सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांची वैधता ०.५१ दिली होती, आणि आजही अनेक विक्रेते हाच आकडा पुढे करतात. परंतु २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आधीच्या अभ्यासांत सांख्यिकीय दुरुस्त्या गरजेपेक्षा जास्त केल्या गेल्या होत्या. निवड झालेल्यांचे गुण एकमेकांच्या जवळ असतात, त्यामुळे सहसंबंध कमी दिसतो आणि तो वाढवून घ्यावा लागतो, हे तत्त्व बरोबर आहे. पण पुरेशी माहिती नसताना ही वाढ सरसकट धरली गेली होती. त्यांच्या फेरमांडणीत बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या ०.३१ वर आल्या, कामाचा प्रत्यक्ष नमुना करून घेणाऱ्या चाचण्या ०.३३ वर, कामाच्या ज्ञानाच्या चाचण्या ०.४० वर आणि आखीव (सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी) मुलाखत ०.४२ वर. म्हणून कोणी ०.५१ सांगितले, तर तो आकडा कोणत्या वर्षीचा, हे जरूर विचारावे. आपल्या हिशेबासाठी ०.३० धरणे हा सावध आणि प्रामाणिक मार्ग आहे.

०.३० म्हणजे अगदीच कमी नाही का? एवढ्यासाठी खर्च कशाला?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर १९३९ मध्येच दिले गेले आहे. टेलर आणि रसेल यांनी त्या वर्षी काही तक्ते प्रसिद्ध केले. आजही एका पानाच्या कामात ते जितके समजावतात, तितके पुष्कळ सॉफ्टवेअर समजावत नाही.

समजा, आपण आज ज्या पद्धतीने माणसे घेता, तिच्यातून १०० पैकी ५० जण समाधानकारक निघतात. आता ०.३० वैधतेची चाचणी लावली. जागा १० आणि उमेदवार १०० असतील, तर निवडलेल्यांत समाधानकारक निघणाऱ्यांचे प्रमाण ५० वरून ७१ टक्क्यांवर जाते. मात्र दर दोन उमेदवारांमागे एकाला घ्यायचे असेल, तर ते ६० पर्यंतच पोहोचते. आणि १०० पैकी ९० जणांना घ्यायचेच असेल, तर ५२. चाचणी तीच, पण फरक २१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला.

ज्या कारखान्याला सुगीच्या काळात ऑपरेटर मिळत नाहीत, कंत्राटदार आणेल त्याला दुसऱ्या दिवसापासून मशीनवर उभे करावे लागते, त्याने चाचणीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्याचा पैसा आधी उमेदवारांची संख्या वाढवण्यावर खर्च व्हावा: आयटीआयशी संपर्क, राहण्याची सोय, सिन्नरहून वेळेवर सुटणारी बस. उलट एका जागेसाठी तीस-चाळीस अर्ज येत असतील, तर ०.३० ची चाचणीसुद्धा मोठा लाभ देते. तसेच आजच १०० पैकी ९० जण चांगले निघत असतील, तर सुधारणेला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी आहे ती पद्धत चालू ठेवावी.

हा लाभ रुपयांत मांडता येतो का?

येतो. ब्रॉग्डेन यांनी १९४९ मध्ये आणि क्रॉनबॅक व ग्लेसर यांनी १९५७ मध्ये त्याची रीत घालून दिली. घेतलेल्या माणसांची संख्या, वैधता, निवडलेल्यांचे गुण सरासरीपेक्षा किती वर आहेत तो आकडा, आणि कामगिरीतील चढउताराची रुपयांतील किंमत यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून चाचणीचा एकूण खर्च वजा करायचा.

यातली शेवटची किंमत काढणे अवघड असते. १९७९ मध्ये श्मिट, हंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सरकारी संगणक प्रोग्रामरांसाठी एक सोपी युक्ती वापरली. पर्यवेक्षकांना विचारायचे: शंभरात मध्यावर असलेल्या माणसाचे वर्षाचे काम आपल्या मते किती रुपयांचे, आणि शंभरातील ८५ जणांपेक्षा सरस असलेल्याचे किती? या दोन उत्तरांतील अंतर म्हणजे हवी ती किंमत. हे विचारणे शक्य नसेल, तर वार्षिक पगाराच्या ४० टक्के धरण्याचा ढोबळ नियम आहे.

एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. अंबडच्या एका कारखान्याला १०० उमेदवारांतून २० ऑपरेटर घ्यायचे आहेत. पगार महिना १८,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,१६,०००. त्याचे ४० टक्के ८६,४००. पाचात एक निवडला की निवडलेल्यांचे सरासरी प्रमाणित गुण, म्हणजे सर्व उमेदवारांच्या सरासरीपेक्षा ते किती वर आहेत तो आकडा, १.४० येतात. वैधता ०.३० धरली, तर माणशी वार्षिक लाभ ३६,२८८ रुपये आणि वीस जणांचा ७,२५,७६०. चाचणीचा खर्च उमेदवारामागे ५०० रुपयांप्रमाणे ५०,०००.

विक्रीच्या सादरीकरणात हिशेब इथे थांबतो. तो इथे थांबवणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा आकडा चिठ्ठ्या टाकून माणसे घेण्याशी तुलना करतो, आणि आपण चिठ्ठ्या टाकत नाही. आपण मुलाखत घेता, जुन्या कामगारांकडे चौकशी करता, आयटीआयचे गुण पाहता. या सगळ्यावर चाचणीने किती भर घातली, तेवढीच तिची कमाई. ती भर ०.१० धरली, तर लाभ २,४१,९२० आणि खर्च वजा जाता १,९१,९२० रुपये. आता निवडलेल्यांपैकी काही जण पुण्याजवळच्या चाकणला जास्त पगार मिळतो म्हणून रुजूच झाले नाहीत आणि २० जागांसाठी यादीत चाळिसाव्यापर्यंत उतरावे लागले, तर १.४० च्या जागी ०.९७ येतात आणि निव्वळ लाभ १,१७,६१६ रुपयांवर उतरतो. सुरुवातीच्या सव्वासात लाखांतून एवढेच उरले. तरीही लाभ आहे, आणि माणसे टिकली तर तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही मिळत राहतो. वर्षाच्या आत निम्मी सोडून गेली तर मात्र हाही आकडा खाली येतो.

४० टक्क्यांचा नियमही सगळीकडे सारखा लावू नये. हंटर, श्मिट आणि ज्युडीश यांच्या १९९० च्या अभ्यासात साध्या, ठरावीक कामांत माणसामाणसांतील उत्पादनाचा चढउतार सरासरीच्या १९ टक्के आढळला, तर गुंतागुंतीच्या कामांत ४८ टक्के. लाइनचा वेगच यंत्राने ठरत असेल, तर तिथे चांगला कामगार फार पुढे जाऊ शकत नाही. टूल रूममध्ये मात्र जातो.

असा हिशेब मालकांसमोर ठेवला की ते लगेच तयार होतात का?

लॅथम आणि व्हाइट यांनी १९९४ मध्ये व्यवस्थापकांवर प्रयोग केला, तेव्हा उलट घडले: उपयुक्ततेचा पैशांतील हिशेब दाखवल्यावर व्यवस्थापकांचा पाठिंबा कमी झाला. मला याचे नवल वाटत नाही. ज्याने आयुष्यभर कारखाना चालवला आहे, त्याला लाखोंचा फायदा कागदावर दिसला की तो सावध होतो, आणि ते योग्यच आहे. त्यापेक्षा एक साधा तक्ता पुढे ठेवावा: मागच्या दोन वर्षांत घेतलेल्यांचे चाचणीगुणांनुसार तीन गट करावेत आणि प्रत्येक गटातील किती जण प्रोबेशन पार करून कायम झाले ते लिहावे. वरच्या गटातून दहांत आठ आणि खालच्या गटातून दहांत चार, असे दिसले तर वेगळे समजावण्याची गरज पडत नाही. तिन्ही गटांत सारखेच प्रमाण दिसले, तरी मालकाला हवे ते उत्तर मिळालेलेच असते.

कोणत्या कामासाठी कोणती चाचणी घ्यावी?

आधी काम पाहावे. चाचणीची यादी समोर ठेवून काम शोधू नये.

क्वालिटी इन्स्पेक्टरचे उदाहरण घ्या. अनेक ठिकाणी त्याला कागदावर तर्काचे प्रश्न देतात आणि मग मुलाखतीत मायक्रोमीटरचे लघुत्तम माप (लीस्ट काउंट) विचारतात. त्याऐवजी एका ट्रेमध्ये तीस बुश ठेवावेत, त्यांतले काही जाणूनबुजून टॉलरन्सबाहेरचे (मापात चालणाऱ्या फरकापलीकडचे) असावेत, शेजारी ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि गो-नो गो गेज (माप मर्यादेत आहे का ते दाखवणारे साधन) द्यावे आणि नुसते पाहत राहावे. मोजण्याआधी तो मायक्रोमीटरचा शून्य तपासतो का? गेज स्वतःच्या वजनाने आत जाऊ देतो की ढकलून बसवतो? पंधराव्या नगानंतर घाई करू लागतो का? शेवटी दोन आकडे वेगवेगळे लिहावेत: खराब असून पास केलेले नग आणि चांगले असून नाकारलेले नग. पहिल्या चुकीने ग्राहकाची तक्रार येते, दुसरीने स्क्रॅप वाढतो, आणि कोणती चूक आपल्याला महाग पडते हे प्रत्येक कारखान्याचे वेगळे असते. अर्ध्या तासाची ही चाचणी तयार करायला टूल रूममधील एका जाणत्या माणसाचा एक दिवस लागतो.

पॅकहाऊसमध्येही हेच करता येते. निर्यातीच्या द्राक्षांचे एक क्रेट आणि छोटी कात्री द्यावी, अर्धा किलोची पनेट (छोटी डबी) भरायला सांगावी. घड देठाला धरून उचलला की मण्यांवरचा मेणासारखा पांढुरका थर टिकतो. मुठीत धरला की पुसला जातो. हे वीस मिनिटांत दिसते. लेखी चाचणीत ते दिसण्याची शक्यताच नाही.

ज्यांना काम शिकवूनच उभे करायचे आहे, अशा नवख्या प्रशिक्षणार्थींसाठी मात्र नमुना-काम उपयोगी पडत नाही, कारण ते त्यांना येतच नसते. तिथे बौद्धिक क्षमता, अवकाशीय आकलन किंवा हस्तकौशल्याच्या चाचण्यांना जागा आहे.

व्यक्तिमत्त्व चाचण्या आणि हस्ताक्षर-विश्लेषण यांविषयी आपले मत काय?

कर्तव्यदक्षता हा गुण बहुतेक कामांत थोडाफार उपयोगी ठरतो; २०२२ च्या फेरमांडणीत त्याची वैधता ०.१९ आहे. म्हणजे त्याची चाचणी जोडीला घ्यावी, एकट्या तिच्यावर निर्णय घेऊ नये. माणसांना सोळा प्रकारांत विभागणारी जी लोकप्रिय प्रश्नावली कार्यशाळांत वापरतात, ती निवडीसाठी वापरू नये असे तिचे प्रकाशकच सांगतात. रुग्णांच्या निदानासाठी बनवलेल्या प्रश्नावल्या तर भरतीच्या टेबलावर येताच कामा नयेत.

हस्ताक्षराची वैधता १९९८ च्या आढाव्यात ०.०२ होती. त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

अनुभवी मॅनेजरच्या नजरेला माणूस कळतो. मग मुलाखत पुरेशी नाही का?

गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीची वैधता ०.१९ आणि आखीव मुलाखतीची ०.४२, हे लक्षात घेतले तर उत्तर मुलाखतीच्या प्रकारावर अवलंबून आहे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, उत्तरांना आधीच ठरवलेल्या कसोटीवर गुण, आणि दोन मुलाखतकारांनी एकमेकांचे गुण न पाहता दिलेले आकडे: एवढे केले की कोणतीही फी न भरता बरीच सुधारणा होते. मला विचाराल तर लहान कारखान्याने चाचणी विकत घेण्याआधी हे करावे. जाहिरातीत हटकून असणारी किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट मात्र फारशी कामाची नाही. अनुभवाच्या वर्षांचा कामगिरीशी सहसंबंध ०.१० पेक्षाही खाली आढळला आहे.

चाचणी इंग्रजीत असली तर चालते का?

कामात इंग्रजी लागत असेल तर चालते. नसेल तर ती अन्याय करते, आणि कारखान्याचेही नुकसान करते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून पहाटेची एसटी पकडून आलेला, फिटरचा ट्रेड उत्तम गुणांनी पूर्ण केलेला मुलगा सातपूरच्या हॉलमध्ये इंग्रजी परिच्छेदांपुढे बसतो आणि वेळ संपते. त्याचा निकाल तर्कशक्ती कमी असा लागतो. मोजला गेला तो वाचनाचा वेग, आणि तोही परक्या भाषेतला.

मराठी भाषांतर मिळते, एवढ्यावरही समाधान मानू नये. भाषांतरित प्रश्नांची कठीणता बदलते, आणि गुणांची तुलना ज्या प्रमाणकांशी होते ती कोणत्या लोकसमूहावरून काढली, हे विचारणे आवश्यक आहे. महानगरांतील पदवीधरांवर काढलेली प्रमाणके आयटीआयच्या मुलांना लावली, तर टक्केवारीचा तो आकडा निरर्थक ठरतो. रेव्हनच्या आकृतिबंधांसारख्या शब्दविरहित चाचण्यांत अडचण कमी होते, पण सूचना मराठीत नीट समजावणे आणि सरावाची उदाहरणे सोडवून घेणे तिथेही चुकवू नये. दिव्यांग उमेदवारांना वेळ किंवा साधनांची वाजवी सोय देणे ही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याला धरून असलेली जबाबदारी आहे.

रेल्वे अशा चाचण्या सक्तीच्या करते. मग खासगी उद्योगाने का करू नयेत?

रेल्वेची परिस्थिती वेगळी आहे. साहाय्यक लोको पायलटच्या भरतीत संगणकाधारित अभियोग्यता चाचणी असते आणि तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण लागतात. टी-गुणांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते माप) १० असते, म्हणजे ही रेषा सरासरीच्या बरीच खाली आहे. लक्ष टिकवणे, अंतराचा अंदाज किंवा चटकन ओळखणे यांत स्पष्टपणे मागे पडणाऱ्यांना बाजूला काढणे हा तिचा हेतू आहे. कसारा आणि इगतपुरीदरम्यानच्या घाटात चढ ३७ ला १ आहे. तिथल्या एका चुकीची किंमत शेकडो प्रवाशांच्या जिवाशी जोडलेली असते, अर्ज लाखोंनी येतात, आणि म्हणून माफक वैधतेची चाचणीसुद्धा तिथे अत्यंत उपयुक्त ठरते.

आपल्याकडेही क्रेन ऑपरेटर, फोर्कलिफ्ट चालक, प्रेस शॉप अशा जागा आहेत. तिथे रेल्वेचे अनुकरण जरूर करावे. स्टोअर क्लार्कसाठी तसे करण्याची गरज नाही.

कट-ऑफ किती ठेवावा?

सुरक्षिततेची किमान गरज असेल तिथेच ठाम रेषा आखावी. इतरत्र वरून खाली या क्रमाने निवडणे अधिक लाभदायक असते, कारण ४० गुणांच्या रेषेवर ४१ आणि ७० सारखेच मानले की चाचणीने दिलेली बरीचशी माहिती आपण स्वतःच टाकून देतो.

चाचणीमुळे चांगला उमेदवार नाकारला गेला तर?

असे होणारच. ०.३० वैधतेत ते पुष्कळ वेळा होते. कारखान्याच्या हिशेबात ही चूक कुठेही नोंदली जात नाही, कारण नाकारलेला माणूस पुढे कसे काम करतो हे आपल्याला दिसत नाही; ज्याच्या वाट्याला ती येते, त्याला मात्र ती पूर्ण भोगावी लागते. म्हणून काही पथ्ये पाळावीत. एका चाचणीवर कायमचा नकार देऊ नये, ठरावीक काळानंतर पुन्हा संधी द्यावी. निकाल विचारणाऱ्याला तो साध्या शब्दांत सांगावा. गुणांचे कागद सिक्युरिटी केबिनमध्ये पडू देऊ नयेत आणि व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख पाहता, माहिती कशासाठी घेतली हे उमेदवाराला सांगून संमती घेणे आणि काम संपल्यावर ती काढून टाकणे ही शिस्त आतापासूनच लावून घ्यावी.

आम्ही वर्षाला पंधरा-वीस जणच घेतो. आमच्या आकड्यांवरून चाचणी तपासता येईल का?

एकट्याने येणार नाही, हे आधीच मान्य करणे बरे. तीस जणांच्या आकड्यांवरून सहसंबंध ०.३० निघाला, तर खरा आकडा साधारण उणे ०.०७ पासून ०.६० पर्यंत कुठेही असू शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यावरून चाचणी चालते किंवा चालत नाही, यांपैकी काहीच म्हणता येत नाही. शिवाय कामगिरी मोजण्यातच गोंधळ असतो: एकाच कामगाराला दोन पर्यवेक्षकांनी दिलेल्या शेऱ्यांचा मेळ सरासरी ०.५२ इतकाच बसतो, असे १९९६ च्या एका मोठ्या आढाव्यात आढळले आहे.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे एकाच प्रकारच्या कामासाठी भरती करणाऱ्या सात-आठ कारखान्यांनी आकडे एकत्र करणे. सीएनसी (संगणकाने नियंत्रित यंत्राच्या) ऑपरेटरचे काम सातपूरला आणि अंबडला फार वेगळे नसते. उद्योजकांच्या संघटना इथे आहेत, बैठका होतात. नावे काढून टाकलेली एक सामाईक नोंदवही ठेवणे त्यांना अशक्य नाही. तिच्यात प्रत्येक भरतीच्या पाचच गोष्टी लिहाव्यात: चाचणीचे गुण, मुलाखतीचे गुण, सहा महिन्यांनी दोन पर्यवेक्षकांनी स्वतंत्रपणे दिलेले गुण, त्या काळातील रिजेक्शन, आणि माणूस वर्षाअखेर कामावर आहे की नाही. पहिल्या वर्षी शक्य असेल तिथे चाचणी घ्यावी, पण तिचे गुण पाकिटात बंद ठेवून निवड जुन्याच पद्धतीने करावी. म्हणजे कमी गुणांचे काही जणही कामावर येतात आणि पुढे तुलना करता येते. दोनशे नोंदी जमल्या की ०.३० चा तोच पट्टा ०.१७ ते ०.४२ इतका अरुंद होतो, आणि त्यावरून पुढच्या वर्षी फी भरायची की नाही हे ठरवता येते.